प्लसलाही कुंकू, मायनसलाही

नळदुर्गच्या हायस्कुलात मी एके काळी विज्ञान शिकवायचो, हे सांगितलं की माझी मुलं अजून हसतात. त्यांनी मी दुरुस्त केलेली इस्त्री बघितलेली आहे. पण तेव्हा महाराष्ट्र होऊन दोनतीनच वर्षं झाली होती. आमच्या भागात शाळा भराभर निघत होत्या, शिकवायला माणसं मिळत नव्हती, आणि इंटर सायन्सला एकदा आपटून दुसऱ्यांदा कसाबसा निसटलेला माणूसही ‘सायन्सचे मास्तर’ म्हणून खपून जायचा. मी खपलो.

राहायला थोरल्या बहिणीकडं होतो. तिला मी अक्का म्हणायचो आणि तिच्या यजमानांना दाजी. दाजींचं नळदुर्गात किराण्याचं दुकान होतं, पण त्यांचा खरा जीव होता दुकानासमोर उभ्या असणाऱ्या पिकपवर. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली मिलिटरीची गाडी ती. पेट्रोल पिऊन पिऊन तिनं आधीच्या मालकाला हैराण केलं होतं, म्हणून दाजींनी सोलापुरात तिचं पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवून घेतलं. इंजिन बदललं, बॅटऱ्या मात्र जुन्याच राहिल्या. सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकमेकींना जोडलेल्या. पेट्रोलचं हलकं इंजिन त्यांच्या दमात फिरायचं. डिझेलचं इंजिन थंडीत गारठलं की स्टार्टर दोनदा कुर्र कुर्र करायचा आणि तिसऱ्या वेळी नुसता उसासा टाकायचा.

गाडी चालवायचे चाचा. साठीला टेकलेले, उंच, बारीक. निजामाच्या राज्यात त्यांनी बस चालवली होती. राज्य गेलं, बस गेली, चाचांच्या अंगावरचा खाकी कोट तेवढा राहिला. मुलगा हैदराबादेला गेला होता आणि त्याची पत्रं महिन्याची दोन महिन्यांनी, मग सणासुदीला यायला लागली होती. घरात चाचा आणि चाची दोघंच. स्टार्टर बसला की चाचा खाली उतरून समोरून हँडल मारायचे. मागल्या थंडीत ते हँडल उलटं फिरलं आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्यानं बसवलं, पण जरा तिरकं बसलं. स्टेअरिंग धरायला हात ठीक होता, हँडल मारायला राहिला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी दुकानातले दोन हमाल, समोरच्या हॉटेलातला आचारी आणि शाळेत निघालेला मी, असे चौघं मिळून गाडी ढकलायचो. चाचा एकटे आत बसलेले. आचारी रोज ओरडायचा, “चाचा, उद्या बैल सांगू का?” चाचा स्टेअरिंग धरून समोर बघायचे. गाडी उठली की हात बाहेर काढून सलाम करायचे, पण मागं वळून बघायचे नाहीत. ढकलणाऱ्यांपेक्षा बसणाऱ्याला ते जास्त जड जात होतं, हे आम्हा चौघांनाही दिसायचं. आचाऱ्यालासुद्धा.

पुन्हा थंडी आली तेव्हा एकदा जेवताना दाजी अक्काला म्हणाले, “चाचांच्या जागी माणूस बघावा लागंल. उमरग्याचा एक ड्रायव्हर हाय, जवान, दणकट गडी.”

“आन् चाचा कुठं जातील?” अक्का म्हणाली.

“त्येच तर.” दाजींनी भाकरी मोडली, पण घास घेतला नाही.

इथं मी तोंड उघडलं. “दाजी, दोष चाचांच्या हाताचा न्हाय, बॅटरीचा हाय,” एवढं आमच्या भाषेत बोललो आणि मग जोर यावा म्हणून शाळेतली मराठी काढली. “शक्तीचा साठाच अपुरा आहे. तांब्याभर पाण्यात आपण शेत भिजवायला निघालो आहोत. रांजण पाहिजे, रांजण!”

“म्हंजी मोठ्या बॅटऱ्या बसवल्या तर गाडी बटनावर उठंल?”

“उठेल.”

“लिहून देता, मेव्हणं?”

“विज्ञान आहे, दाजी.”

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की विज्ञानावर त्यांचा भरवसा आहे, मेव्हण्याबद्दल विचार चालू आहे. “ठीक. गाडी बटनावर उठली तर चाचा ऱ्हातील. न्हाय उठली तर उमरग्याचा माणूस.”

म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाची भाकरी मी माझ्या इंटर सायन्सवर टांगून ठेवली. त्या रात्री मला छान झोप लागली, यावरून माझी अक्कल किती ते ओळखावं.

सोलापूरच्या बॅटरीवाल्यानं मला शहाण्यासारखं समजावलं. व्होल्ट तेवढेच ठेवा, सहा आणि सहा. आतल्या शिशाच्या प्लेटा वाढवा. जुन्या अकरा प्लेटच्या होत्या, ह्या सतराच्या घ्या. दम वाढेल. मग त्यानं तार जिला जोडतात त्या प्लसच्या खुंटीवरचा लाल ठिपका दाखवला. ही खुंटी मायनसपेक्षा थोडी जाड असते, तेही दाखवलं. आणि म्हणाला, “मास्तर, तुमच्या गाडीला प्लस अर्थ आहे. इंजिन आमच्याच गल्लीत बसवलंय, मला माहीत आहे. विसरू नका.”

त्याचं म्हणणं सोपं होतं. बॅटरीची एक तार गाडीच्या लोखंडी अंगाला जोडतात, तिला इंग्रजीत जमीन या अर्थानं अर्थ म्हणतात. कुठल्या गाडीत प्लस अंगाला जातो, कुठल्या गाडीत मायनस. आमच्या गाडीत प्लस. पण मला त्या शब्दानं गुदगुल्या झाल्या. “अहो, अर्थ तर पाहिजेच,” मी म्हणालो. “निरर्थक गाडी कोण चालवणार?” तो हसला नाही. त्याला माझा विनोद लागला नाही आणि मला त्याचं वाक्य.

दोन्ही बॅटऱ्या मी एस्टीतून आणल्या, पायांत धरून. कंडक्टरशी वाद, शेजारणीच्या लुगड्यावर तेजाबाचा थेंब पडला म्हणून तिच्या शिव्या, सगळं झालं. माझ्या विजारीला काही झालं नाही असं मला वाटत होतं. दोन दिवसांनी अक्कानं ती धुवायला घेतली आणि गुडघ्याच्या वर नुसती जाळी तिच्या हातात आली.

बॅटऱ्या बसवायच्या दिवशी दुकानासमोर जत्रा जमली. कॅबिनच्या मागं चेसिसला एक लोखंडी पेटी होती, तीत जुन्या बॅटऱ्या बसत. सतरा प्लेटच्या बॅटऱ्या तिच्यात मावेनात. लोहारानं पेटी लांबवून दिली, पण चाकामुळं ती रुंद होईना. मग मी युक्ती केली. दोन्ही बॅटऱ्यांची तोंडं उलटी फिरवली आणि त्या पेटीत फणसातल्या गऱ्यांसारख्या गच्च बसल्या. तोंड फिरवलं की प्लसच्या जागी मायनस येतो, हे मी वर्गात फळ्यावर कितीदा काढून दाखवलं असेल. पण फळ्यावरची बॅटरी चपटी असते. ही चांगली गलेलठ्ठ होती, आणि ती पेटीत शिरली याच आनंदात मी होतो.

चाचा डाव्या हातात पाना घेऊन शेजारी उभे होते. मी बोलत होतो, ते ऐकत होते. तारा जोडायच्या तेवढ्यात अक्का ताट घेऊन आली. घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लागायचंच. शिवणाचं मशीन आलं तेव्हा लागलं होतं, रेडिओ आला तेव्हा लागलं होतं. अक्कानं ओल्या हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं बोट पहिल्या खुंटीला लावलं, मग दुसरीकडं वळली.

“अक्का,” चाचा हळूच म्हणाले, “एकालाच लावलं तरी चालंल.”

“एकालाच? आन् दुसऱ्यानं काय पाप केलंय?”

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं. अक्कानं चारही खुंट्यांना हळदीकुंकू लावलं, हात सैल ठेवून, भरपूर. वर अक्षता. लाल ठिपके गेले, जाडी-बारीकही गेली. चार सवाष्णी ओळीनं बसाव्यात तशा चार खुंट्या लालभडक झाल्या.

चाचा माझ्याकडं वाकले. “मास्तर, फडकं घ्या. जरा पुसून निशाण बघा.”

ते कुजबुजले होते, पण ‘पुसून’ एवढा शब्द अक्काच्या कानावर पडला. तिचा हात ताटावर थांबला. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना कळणार नाही, पण आमच्याकडं बांगडी कधी फुटत नाही, ती ‘वाढवते’. मंगळसूत्र कधी तुटत नाही, तेही ‘वाढवतं’. आणि कुंकवाच्या जवळपास ‘पुसणं’ हे क्रियापद कुणी येऊ देत नाही. त्यात ही गाडी दाजींची. दाजी त्याच गाडीतून फिरणार. अक्कानं आत्ता लावलेलं कुंकू तिच्यासमोर कुणी पुसायचं?

मी पुसायचं. कारण आदल्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गात भोळ्या समजुतींवर अर्धा तास बोललो होतो, इतका की दोन मुलींनी वहीत उतरवून घेतलं. पण वर्गात अक्का नव्हती.

“काही गरज नाही, चाचा,” मी म्हणालो. “माझ्या ध्यानात आहे.”

चाचा दोन क्षण तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले आणि पाना माझ्या हातात दिला.

माझ्या ध्यानात काय होतं ते सांगतो. तारा आखूड होत्या. जी तार जिथं पोचली तिथं मी ती आवळली, आणि ती तिथं पोचते म्हणजे तिचीच ती जागा, असं ध्यानात होतं.

“मारा बटन!” मी ओरडलो.

इंजिन एका दमात उठलं. आता सांगायला हरकत नाही, स्टार्टरला प्लस-मायनस उलटे दिले तरी तो बिचारा फिरायचा तसाच फिरतो. हे मला बऱ्याच उशिरा समजलं. त्या वेळी मला समजलं ते इतकंच की मी जिंकलो. चाचांनी गाडी बंद केली, पुन्हा बटन दाबलं, पुन्हा उठली. परत बंद केली, परत दाबलं. तिसऱ्या वेळी त्यांनी ते नुसतं ऐकायला केलं असावं. डोळे मिटलेले होते.

रस्त्यापलीकडून आचारी आला. “चाचा, आता आमाला काय काम?”

“चहा कर,” चाचा म्हणाले. “तेवढं तरी कर नीट.”

दाजी खूश, हमाल खूश. चाचांनी सवयीनं दिवे लावून बघितले. डॅशबोर्डवर एक काटा होता. बॅटरी भरत असली की तो उजवीकडं जायचा, खर्च होत असली की डावीकडं. दिवे म्हणजे खर्च, तेव्हा काटा डावीकडं जायला हवा होता. तो गेला उजवीकडं.

“मास्तर, ह्यो इकडं कायकू आला?”

“सतरा प्लेट, चाचा!” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “दिवे लावले तरी भरतीच आहे!”

“हौ,” चाचा म्हणाले आणि मनगट चोळत काट्याकडं बघत राहिले. ते ‘हौ’ मी होकार म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. माकणीच्या बाजारासाठी तेलाचे डबे, गुळाच्या ढेपी आणि मिठाची पोती भरून निघायचं होतं. दाजी पहाटेच्या एस्टीनं पुढं गेले होते. जाताना मला म्हणाले, उमरग्याच्या माणसालाही आज माकणीलाच बोलावलंय, त्याला आधीच निरोप गेला होता. दाजींचा स्वभाव हा असा, दोन्ही डगरींवर हात. “गाडी टायमात आली, बटनावर उठली, तर त्याला चहा पाजून वाटंला लावतो,” ते म्हणाले. क्लीनर म्हणून मी बसलो. स्वतःची कर्तबगारी दाजींच्या तोंडून बाजारात ऐकायची, हा त्यामागचा हेतू.

हमरस्ता सोडून आम्ही लोहारा गावाकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो. चाचा त्या दिवशी बोलत होते. हैदराबादच्या बसडेपोतल्या गमती सांगत होते, एका कंडक्टरची नक्कल करत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग वास आला.

“चाचा,” मी विचारलं, “गूळ करपतो का हो?”

डॅशबोर्डच्या खालून धूर निघत होता. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरता उतरता ओरडले, “पाना! मास्तर, पाना!” डाव्या हातानं त्यांनी पेटी उघडली, बॅटरीची तार सोडवली, तेव्हा धूर थांबला. बॉनेट उघडून डायनॅमोजवळ नाक नेलं आणि मान हलवली.

काय झालं होतं ते आज मी न अडखळता सांगू शकतो. इंजिन जागेवर हळू चालत असतं तेव्हा डायनॅमो गप्प असतो. गाडीनं वेग घेतला की तो बॅटरी भरायला लागतो. त्यानं भरायला घेतली ती उलटी जोडलेली बॅटरी. दोघं एकमेकांवर धावून गेले आणि मधल्या तारा भाजल्या, डायनॅमोचं पोट जळालं.

उभे होतो ती जागा तळहातासारखी सपाट. दोन्ही बाजूंना करडई, तिचे काटे पिवळे पडायला लागलेले. माणूस नाही, बैलगाडी नाही. बॅटरीची तार पुन्हा जोडावी तर पुन्हा धूर, म्हणून चाचांनी सीटखालून हँडल काढलं. ते मी त्यांच्या हातातून घेतलं आणि समोर जाऊन सगळा जोर लावला. इंजिननं ओळखसुद्धा दाखवली नाही. पुन्हा लावला, तेव्हा माझ्याच पाठीत काहीतरी कटकन वाजलं. चाचांनी हात पुढं केला.

“नको, चाचा. मनगट.”

“तिकडं शेठ वाट बघायलेत. आन् त्यो उमरग्याचा बी.”

त्यांनी हँडल बसवलं, दोन्ही हातांनी धरलं. उजव्या हाताची पकड सुटली. त्यांनी तो काढून घेतला, कोटाच्या खिशात घातला आणि फूटबोर्डवर जाऊन बसले. मी त्यांच्यापुढं हँडलसारखाच वाकडा उभा.

मग करडईकडं बघत ते म्हणाले, “मास्तर, आता पुसा.”

मी खिशातला रुमाल काढला. पहिली खुंटी पुसली. लाल काढलं, खाली लालच. रंगाचा ठिपका. प्लस. दुसऱ्या टोकाची पुसली, जिथून गाडीच्या अंगाला तार जात होती ती. खाली नुसतं करडं शिसं. मायनस. मी ती दोनतीनदा घासली, ठिपका कुठं लपून बसला असेल या आशेनं.

“उलटी जोडली मी,” मी म्हणालो.

“हौ.”

“तुम्हाला कालच कळलं होतं?”

“शक आला होता. काटा बघून पक्का झाला.”

“मग बोलला का नाहीत? मला चार माणसांत हाणायचं होतं!”

चाचा हसले, पण थोडंच. “बोललो की एकदा. अक्कानं हातानं कुंकू लावलेलं. त्यांच्या दारात, त्यांच्या धन्याच्या गाडीला. आन् मी म्हणू, पुसा? म्या?” त्यांनी ‘म्या’वर जोर दिला, आणि मग आवाज खाली आला. “मास्तर, एकदा बोलायची आपली जागा हाय. दोनदा बोलायची न्हाय. तुमी तवा शाळंत असाल. ह्या रस्त्यावर आमी काय काय बघितलंय, तुमाला कसं ठाव असंल.”

मला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं दाखवायची आमच्या गावाची रीत होती आणि तीत मीही वाढलो होतो. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं संस्थान गेलं, त्या दिवसांत चाचा आणि चाची काही महिने गावात नव्हते. परत आले तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. तेव्हापासून ते सगळ्यांना आधी सलाम करायचे, आचाऱ्यालासुद्धा. मी त्याला त्यांचा गोड स्वभाव समजत होतो. मला भर चौकात ओरडून चुकायची मुभा होती. त्यांना बरोबर असलेली गोष्टसुद्धा दुसऱ्यांदा सांगायची मुभा नव्हती.

“उठा,” चाचाच म्हणाले. “शिशाकडं काय बघत बसलाव?”

गाडीच्या अंगाला जाणारी तार त्यांनी चेसिसच्या दुसऱ्या भोकाला नेली, स्टार्टरची तार खालून ओढून घेतली, आणि दोन्ही तारा जिथं पोचायला हव्या होत्या तिथं पोचल्या. डायनॅमोची तार सोडून तिला चिंधी बांधली. दहा मिनिटांचं काम. बटन दाबलं, इंजिन उठलं. फक्त आता बॅटऱ्या भरणारं कुणी नव्हतं. त्यांच्यात होता नव्हता तेवढाच साठा.

“परत घरी जाईपर्यंत पुरंल,” चाचा म्हणाले. “सारखं बटन मारायचं न्हाय.”

माकणीला दाजी रस्त्यावरच उभे होते, शेजारी उमरग्याचा ड्रायव्हर. दंड खरोखरच मांडीएवढे. उशीर झाला होता, पण दाजींनी त्याचं काही काढलं नाही. त्यांना घाई वेगळीच होती.

“बंद करा गाडी, चाचा. हां. आता मारा बटन.”

गाडी उठली. दाजी उमरग्याच्या माणसाकडं बघून हसले. तेवढ्यात ओळखीचा अडत्या आला. “आवो, हे बघा! चाचा, बंद करा. मारा बटन!” उठली. मग एक पाटील आले, मग मीठ न्यायला आलेले दोघं, मग कुणाचा तरी पाहुणा. “सतरा प्लेट हायत! आमच्या मेव्हण्यांचं डोकं! चाचा, मारा!” माझी कर्तबगारी दाजींच्या तोंडून ऐकायला मी आलो होतो, ती ऐकत मी घामानं भिजत होतो. प्रत्येक वेळी रांजण थोडा रिकामा होत होता. सातव्या वेळी स्टार्टरचा आवाज जाड झाला. आठव्या वेळी तो फिरण्याआधी जरा थबकला. चाचांनी काचेतून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. शेठ म्हणतील तेव्हा ते बटन दाबत होते, आणि नवव्या किंवा दहाव्या वेळी गाडी उठणार नव्हती, उमरग्याच्या माणसासमोर, भर बाजारात.

“मारा, चाचा!” दाजी म्हणाले.

“थांबा!” मी ओरडलो. वर्गात ओरडतो तसा, त्यामुळं सगळा बाजार वळला. “दाजी, पुरे. डायनॅमो जळालाय. बॅटऱ्या भरत न्हाईत. मी उलट्या जोडल्या होत्या.”

“उलट्या म्हंजी?”

“प्लसच्या जागी मायनस.”

उमरग्याच्या ड्रायव्हरनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मास्तर ना तुमी? प्लस-मायनस कळत न्हाय व्हय?”

“वर्गात कळतं,” मी म्हणालो.

बाजार हसला. मीठवाले पोत्यावर बसून हसले. पाटलांनी विचारलं की त्यांचा नातू कुठल्या शाळेत घालावा, म्हणजे कुठल्या घालू नये. दाजी मात्र हसत नव्हते. “आन् चाचा,” ते वळले, “तुमाला दिसलं न्हाय?”

चाचांनी बटनावरचा हात काढला. त्यांना खरं सांगायचं तर अक्काचं कुंकू मधे येत होतं.

“दिसलं,” मी म्हणालो. “त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाय.”

“कुणापुढं सांगितलं?”

“कुणापुढं न्हाय. आमच्या दोघांत.” त्या दिवसातलं माझं हे एकच वाक्य खोटं होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही. अक्काला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हंजी जळालेल्या डायनॅमोवर चाचांनी गाडी हितवर आणली. आन् आठ बारी बटनावर उठवली.” ते उमरग्याच्या माणसाकडं वळले. “पाव्हणं, चला, चहा घेऊ. तुमचा हेलपाटा झाला.” आणि जाता जाता मला, “मेव्हणं, इथून पुढं माझ्या गाडीला बोट लावायचं न्हाय. कौतुकानंसुद्धा न्हाय.”

परतीच्या वाटेवर चाचांनी इंजिन एकदाही बंद केलं नाही. मधे दोनदा माझ्या पाठीची चौकशी केली.

डायनॅमो सोलापुरातून नव्यानं गुंडाळून आला त्या दिवशी दुकानासमोर पुन्हा माणसं जमली. मी हुकुमाप्रमाणं हात पाठीमागं बांधून लांब उभा. मेव्हणा अडाणी निघाला म्हणून दाजी स्वतःच बाह्या वर सारून पुढं झाले होते. त्यांनी डायनॅमो बसवला, तार हातात घेतली आणि ती लावायला गेले.

“शेठ, हात काढा,” चाचा म्हणाले. “उलटी धरलाव.”

आवाज मोठा नव्हता. पण हमालांनी मान वर केली, आचारी चहाची किटली घेऊन अर्ध्या रस्त्यात थांबला. दाजींनी तारेकडं बघितलं. “ही? हीच तर लाल हाय.”

“लाल हाय, पर हिकडची न्हाय. हात काढा म्हणलं ना.”

दाजी क्षणभर तसेच वाकून होते. मग त्यांनी हात काढले, धोतराला पुसले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.